बेकरीवाल्याचा नंबर

१

नर्सबाई दवाखान्याच्या ज्या जिन्यावरून पडल्या, तो जिना त्यांच्या रोजच्या पायाखालचा होता. डोळे मिटून उतरल्या असत्या तरी त्यांना काही झालं नसतं. पण त्या डोळे चांगले उघडे ठेवून उतरल्या आणि डोळ्यांवर होता काकांच्या दुकानातला कोरा करकरीत चष्मा. शेवटच्या पायऱ्या त्यांना जमिनीसारख्या सपाट दिसल्या. उजवं मनगट मोडलं. इंजेक्शन देणारा हात तो, म्हणजे बघा.

काकांनी तो चष्मा मागच्या खोलीत नेऊन नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काच सुरेख घासलेली होती. कुठे चरा नाही, कुठे डाग नाही. फक्त तो नंबर नर्सबाईंचा नव्हता. त्याच दिवशी त्याच सुमाराला दुकानात आलेल्या बेकरीवाल्याचा होता.

अशा तक्रारी गेले काही आठवडे येत होत्या. कोणाचं डोकं दुखायचं, कोणाला गरगरायचं. काका मुकाट्याने नवी काच बसवून द्यायचे आणि विषय मिटवायचे. आता मनगट मोडल्यावर विषय मिटणार कसा?

"संगणकात बघ गं," काका पुतणीला म्हणाले.

पुतणीला घरात सगळे बबडी म्हणत. अठ्ठाविसावं लागलं तरी बबडीच. दुकानाचा जुना प्रोग्रॅम मोडीत काढून नवा चकाचक तिनेच बसवला होता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर टाकला की काच किती खोल, कुठल्या कोनात घासायची याचे आकडे तो काढायचा आणि चिठ्ठी छापायचा. तिने नर्सबाईंचं नाव उघडलं, पुन्हा हिशेब करायला लावला. आकडे बरोबर आले. दहादा केला, दहादा बरोबर.

"यंत्र चुकत नाही काका," ती म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली, अगदी ठसक्यात. "चुकतो तो माणूस."

मागच्या खोलीत माणूस एकच होता. नाना. काचा घासता घासता ज्यांचे केस पिकले, आणि स्वतःच्या हातांचं कौतुक सांगताना ज्यांची जीभ कधी थकली नाही, ते नाना. "हे हात बघ, यंत्राला शिकवलंय यांनी," असं ते दुकानात पाणी द्यायला येणाऱ्यालाही सांगत. त्या दिवशी ते दारात उभे होते. त्यांनी बबडीचं बोलणं ऐकलं आणि आपल्या हातांकडे पाहिलं.

संध्याकाळी ते नर्सबाईंच्या घरी गेले आणि हात जोडून माफी मागून आले. शनिवारपासून येणार नाही, असंही त्यांनी काकांना सांगून टाकलं. काकांनी त्यांना थांबवलं नाही.

थांबवलं ते आत्याने. काकांची थोरली बहीण, विमा कंपनीत आयुष्यभर दाव्यांची चौकशी केलेली बाई. भल्याभल्यांचे खोटे अपघात तिने उघडे पाडले होते. बातमी कळताच ती दुकानात आली, पर्स टेबलावर आपटली आणि म्हणाली, "नाना चुकला म्हणता? कोणी पाहिलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं.

२

"बबडे, तू चल माझ्याबरोबर," आत्या म्हणाली. "त्या डबड्याची भाषा मला कळत नाही. तू समजावून सांग."

बबडी खुशीने निघाली. समजावून सांगणं तिचं आवडतं काम. समोरच्याला हवं असो वा नसो.

मागची खोली म्हणजे ओल्या पावडरीचा वास, यंत्राची घरघर आणि भिंतीला लावलेल्या ट्रेंची रांग. एका ट्रेमध्ये एका गिऱ्हाइकाची फ्रेम, दोन कोऱ्या काचा आणि चिठ्ठी. नाना स्टुलावर बसले होते. समोरचा चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा हिंदकळत होता.

"नाना, नर्सबाईंची काच तू घासलीस?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

"चिठ्ठीवर काय होतं?"

"होतं तेच घासलं असेन. असेन म्हणतो ताई. घासलं, असं छातीठोक म्हणत नाही. हल्ली हात थरथरतो. दोन ट्रे शेजारी असतील, उचलला असेन दुसरा. पोरीने संगणकात दहादा बघितलं म्हणे."

बबडीने समजूतदारपणे मान हलवली. तिला नानांची दया आली. आपण किती मोठ्या मनाच्या, असंही थोडं वाटून गेलं.

"पण गिऱ्हाइकाचा नंबर बघून ताडून नाही का पाहत?" आत्याने विचारलं.

"नंबर मागे येतच नाही." नानांनी कप खाली ठेवला. "तो साहेबांचा, तुमच्या भावाचा नियम. मागे एकदा मला एक नंबर खोटा वाटला आणि मी माझ्या मनाने बदलून काच घासली. साहेब असे तापले! तेव्हापासून चिठ्ठीवर फक्त घासायचे आकडे. काच झाली की चिठ्ठीशी जुळवायची आणि चिठ्ठी फेकायची."

"म्हणजे चिठ्ठीच खोटी असली तर?"

"खोटी कशी असेल? यंत्र छापतं ना ती."

आत्याने एकदा त्या कपाकडे पाहिलं आणि ती उठली. बाहेर आल्यावर तिने बबडीचा दंड धरला.

"हात थरथरला तर काच बिघडते गं. वेडीवाकडी होते, तडकते. थरथरणाऱ्या हातातून दुसऱ्या माणसाचा नंबर इतका अचूक कसा उतरतो?"

"ट्रे बदलले असतील, आत्या. ते स्वतःच म्हणाले."

"बरं. मग बेकरीवाल्याकडे जाऊ. बघू त्याच्या डोळ्यांवर काय आहे ते."

३

बेकरीवाला पिठाने पांढरा झाला होता, चष्म्यासकट. "झकास चष्मा!" तो म्हणाला. "भट्टीतला पाव आता इथून दिसतो. काकांना सांगा, नानांच्या हाताला तोड नाही."

आत्याने चष्मा मागून घेतला, दुकानात आणून मोजला. नंबर बेकरीवाल्याचाच होता. जसा हवा तसा.

"आता सांग, शहाणे," आत्या म्हणाली. "अदलाबदल झाली तर दोघं फसतात. याचं त्याला, त्याचं याला. इथे नर्सबाईंना बेकरीवाल्याचा नंबर मिळाला, आणि बेकरीवाल्यालाही बेकरीवाल्याचाच! नर्सबाईंच्या नंबराच्या काचा गेल्या कुठे? त्या घासल्याच नाहीत कोणी. एकच नंबर दोनदा घासला गेला. आणि दोन्ही वेळा ज्याच्या त्याच्या फ्रेममध्ये नीट बसवला. ट्रे चुकला असता तर फ्रेमही चुकली असती."

 हे बबडीच्या ध्यानातच आलं नव्हतं. 

"मग चिठ्ठी देताना पुढे कोणीतरी घोळ घातला," ती घाईने म्हणाली.

पुढे दोन टेबलं होती. एकावर काका, एकावर काकू. आधी काका एकटेच बसत. दुसरं टेबल नव्या प्रोग्रॅमबरोबर आलं. आत्याने तक्रारवाल्या गिऱ्हाइकांची आठवण एकेक करून विचारली. गंमत अशी, की ती सगळी काकूंच्या टेबलावरची निघाली.

काकू उसळल्याच. "म्हणजे माझ्या डोक्यावर खापर फोडायचं ठरलं तर!"

"फोडत नाही गं वहिनी. तू काय करतेस ते फक्त सांग."

"काय करणार? नंबर टाकते. हिशेबाचं बटण दाबते. मग माणसाशी चार शब्द बोलते. यांच्यासारखं तोंडाला कुलूप लावून बसायला मला जमत नाही. नर्सबाईंशी त्यांच्या मुलीच्या लग्नाचं बोलत होते. मग फ्रेम पक्की केली आणि छापायचं बटण दाबलं. चुकीचं बटण दाबायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"आणि तू रे?" आत्याने भावाला विचारलं.

"मी बोलत बसत नाही," काका म्हणाले. "हिशेब केला की लगेच छापतो."

"तू बोलत असताना शेजारी बेकरीवाला होता, वहिनी?"

काकूंनी आठवून पाहिलं. "होता की. मी लग्नाचं विचारत होते तेव्हाच तर आला. त्याचं पटकन आटपलं, नर्सबाईंच्या आधी गेला तो."

"आणि गुरुवारी तू येत नाहीस. गुरुवारचं एक तरी गिऱ्हाईक परत आलंय?"

कोणालाच असं एकही आठवेना.

आत्याचे डोळे बारीक झाले. "हिशेब करून देतं कोण, बबडे? तुझा प्रोग्रॅम?"

"नाही," बबडी म्हणाली. "म्हणजे विचारतो माझा, पण आकडे काढते ती जुनी लायब्ररी, म्हणजे तयार हिशेबांचा गठ्ठा. प्राध्यापकांनी लिहिलेली. ती दुसऱ्या भाषेत आहे, जुन्या. मी फक्त माझी नवी भाषा तिला जोडली."

"जोडली," आत्या म्हणाली. "चल तर मग, प्राध्यापकांकडे."

४

प्राध्यापक गणित शिकवून निवृत्त झालेले, काकांचे जुने स्नेही. खोलीत पुस्तकं आणि एक भलामोठा फळा. बबडीला त्यांच्याकडे यायचं नव्हतं, त्याला कारण होतं. प्रोग्रॅम बसवायच्या आधी त्यांनी तिला फोन केला होता. म्हातारा माणूस लांबण लावतोय म्हणून तिने 'हो सर, हो सर' करत, दुसऱ्या हाताने काम करत तो फोन संपवला होता.

"माझ्या लायब्ररीत चूक?" प्राध्यापक दुखावले नाहीत, उलट त्यांना मजा वाटली. "असू शकते. पण इतकी वर्षं चालली ना? एका टेबलावर?"

"दुसरं टेबल आल्यापासून बिघडलं," आत्या म्हणाली.

"दुसरं टेबल!" प्राध्यापक उठले, फळ्यापाशी गेले. "अहो, तेच तर सांगितलं होतं मी हिला. माझी लायब्ररी उत्तर हातात देत नाही. त्या काळी संगणकात जागाच कुठे होती! तिच्याजवळ अशी एकच पाटी आहे. प्रश्न आला की ती पाटीवर उत्तर लिहिते आणि पाटी कुठे ठेवलीय तेवढं सांगते. ज्याने विचारलं त्याने लगेच उतरवून घ्यायचं. दुसऱ्याने काही विचारलं, की ती पहिलं पुसून तिथेच नवं लिहिणार. माझा जुना प्रोग्रॅम झटक्यात उतरवून घ्यायचा. तुझा घेतो ना गं?"



बबडीचा प्रोग्रॅम उतरवून घेत नव्हता. तिने फक्त पाटीची जागा लक्षात ठेवली होती. छापायचं बटण दाबल्यावरच तो पाटीकडे बघायचा. दोन्ही टेबलं एकाच संगणकाशी, एकाच लायब्ररीशी बोलत. काकू लग्नाच्या गप्पा मारत असताना काकांनी बेकरीवाल्याचा हिशेब केला, नर्सबाईंचं उत्तर पुसलं गेलं, आणि मग काकूंनी बटण दाबलं. पाटीवर बेकरीवाला होता. तोच छापला गेला.

आणि तिने तपासलं होतं ते एकटीने, रिकाम्या दुकानात. दहादा. तिथे पुसणारं दुसरं होतंच कोण?

"घेतो," ती म्हणाली.

स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.  धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटलं, पण प्राध्यापकांच्या खोलीतली फरशी चांगली मजबूत होती.

रस्त्यात आत्या नेहमीसारखी भराभर चालत होती. "मला ते पाटीबिटी नीट कळलं नाही," ती म्हणाली. "तुला काही कळलं का गं?"

"नाही," बबडी म्हणाली.

५

शनिवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी दुकानात पोचली. काम फार नव्हतं. उत्तर आलं रे आलं की ते उतरवून स्वतःजवळ ठेव, असं सांगणारी एक ओळ.  आता पुढे कोणी पडणार नाही, तिने मनाला बजावलं. झालं ते झालं. सांगून कोणाचं मनगट जोडलं जाणार आहे?

नानांचं काय, हा प्रश्न तिने मनात येऊच दिला नाही. म्हणजे येत होता, ती दार लावून धरत होती.

दुकान उघडायच्या वेळी आत्याने सगळ्यांना जमवलं. नानाही आले होते. कामाचा एप्रन धुऊन, घडी करून त्यांनी काखेत धरला होता, परत करायला.

"वहिनी, तू बस. नर्सबाईंचा नंबर टाक, हिशेब कर. छापू नकोस. आता तू रे. बेकरीवाल्याचा टाक. छाप. हं, वहिनी, आता तू छाप."

दोन चिठ्ठ्या निघाल्या. आत्याने शेजारी ठेवल्या. आकडे वेगवेगळे होते. काकांनी ताडून पाहिलं: नर्सबाईंचे नर्सबाईंचे, बेकरीवाल्याचे बेकरीवाल्याचे. चोख.

"झालं समाधान, ताई?" काका म्हणाले. त्यांचा स्वर थकलेला होता. "मलाही वाईट वाटतंय. पण यंत्र बरोबर आहे."

नानांनी मान डोलावली. "मी म्हणत होतो ना. उगाच त्रास घेतलात ताई." त्यांनी घडी केलेला एप्रन टेबलावर ठेवला, आणि तो नीट राहावा म्हणून वरून हात फिरवला.

 आत्या बबडीकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती. हातातली बाजी हरल्यासारखी दिसत होती ती. कोणीही हरलं असतं. पुरावा तर सकाळीच पुसला गेला होता, आणि हे ठाऊक असलेला जीव त्या खोलीत एकच होता.

नाना दारापर्यंत गेले.

"आज नाही चुकणार," बबडी म्हणाली.

"काय?" काका वळले.

"आज नाही चुकणार ते. मी सकाळी दुरुस्त केलं." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "माझीच चूक होती. प्राध्यापकांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. काल कळलं. कळूनही बोलले नाही. सकाळी येऊन गुपचूप बदललं, म्हणजे कोणाला कळायला नको. नानांनी काही केलेलं नाही. त्यांनी चिठ्ठीवर होतं तेच घासलं. प्रत्येक वेळी."

 काकूंनी तोंडाला पदर लावला. बबडीला वाटलं, कोणीतरी ओरडावं. कोणीच ओरडलं नाही, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सकाळी केलंस ते काढ," आत्या शांतपणे म्हणाली. "सगळ्यांना बघू दे."

बबडीने ती ओळ काढली. काकूंनी हिशेब केला, काकांनी हिशेब करून छापलं, मग काकूंनी छापलं. दोन चिठ्ठ्या. दोन्हींवर बेकरीवाला.

"तुला ठाऊक होतं," बबडी आत्याला म्हणाली.

"संशय होता. लहानपणापासून तू मला घड्याळ कसं चालतं इथपासून सगळं समजावत आलीस. काल पहिल्यांदा मी म्हटलं, कळलं नाही, आणि तू समजावलं नाहीस." आत्याने पर्स उचलली. "पण मी बोलले असते तर ते माझं बोलणं झालं असतं. पुरावा नव्हता माझ्याजवळ. तूच होतीस पुरावा."

दारात उभं राहून सगळं ऐकलेले नाना तोवर निघून गेले होते. एप्रन टेबलावरच होता.

६

तिने त्यांना चौकात गाठलं. दम लागला होता. काय बोलायचं ते ठरवून आली होती, ते सगळं विसरली.

"नाना, मला माफ करा."

नाना थांबले. रागावलेले दिसत नव्हते. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"तू म्हणालीस, यंत्र चुकत नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, मग माझंच चुकलं असणार. घरी गेलो, आणि हात बघत बसलो. बायको म्हणाली, जेवा. घास तोंडात न्यायची भीती वाटायला लागली गं. हे हात काय करतील याचा भरवसाच वाटेना. मला एकदा विचारायचंस तरी. 'नाना, चिठ्ठीवर काय होतं,' एवढंच. तेव्हा मला आठवत होतं."

 बबडीने विचारलं नव्हतं, कारण उत्तराची तिला गरजच वाटली नव्हती. हे तिला भर रस्त्यात कळलं आणि ती रडायला लागली.

"आता रडू नकोस. लोक बघतात," नाना म्हणाले. "त्या नर्सबाईंपुढे मी हात जोडून आलो. त्याचं काय करायचं ते सांग."

"चला," ती म्हणाली.

नर्सबाईंच्या घरी त्यांच्या मुलीने दार उघडलं. नर्सबाई खुर्चीत बसल्या होत्या, प्लास्टरचा हात उशीवर. नानांना पाहून त्या म्हणाल्या, "अहो, पुन्हा कशाला आलात? मी मनावर घेतलेलं नाही."

"यांचं नव्हतं ते," बबडी म्हणाली, आणि नाना जिथे उभे राहिले असतील तिथेच उभं राहून तिने हात जोडले. सगळं सांगितलं. पाटीचं, गप्पांचं, फोनचं, सकाळच्या ओळीचंही. समजावून नाही सांगितलं, नुसतं सांगितलं. सांगताना नर्सबाईंच्या बोटांकडे बघत होती. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं सुजलेली होती.

नर्सबाई म्हणाल्या, "मला राग तुझा येत नाही, येतो तो या गोष्टीचा, की परवा हा माणूस इथे उभा राहून रडला, आणि मी त्याला माफ केलं. माफ करायची मी कोण? त्याने केलंच काय होतं?"



मुलीने चहा आणला. नानांनी सवयीने कप दोन्ही हातांनी धरला. मग त्यांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी डावा हात सावकाश सोडला आणि कप एका हाताने उचलला. तो हलला, थोडा चहा बशीत सांडला.

"हलतो," नाना नर्सबाईंना म्हणाले. "वय झालं. पण काच हातात आली की हलत नाही हो. तुम्ही बघाच. सोमवारी तुमची काच मी घासणार आहे."

मग त्यांनी बशी बबडीपुढे केली. "पूस," ते म्हणाले. तिने रुमाल काढला आणि बशी पुसली, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिली.